नव्या घराचं दूध

मंडळी, आज मुलुंडच्या डोंगराखालच्या माझ्या नव्या फ्लॅटमध्ये दूध उतू घातलं. स्वतःचं पहिलं घर, तेही एकटीचं. उरलेलं दूध शेजाऱ्यांना द्यायचं, मगच आपण घ्यायचं, ही आमच्या आईची पद्धत. म्हणून साखर घालून पातेलं घेऊन निघाले. मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. कोणी नाही!

वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, या मजल्यावर तुम्ही एकट्याच. बाकीच्यांनी फ्लॅट नुसते घेऊन ठेवलेत."

गेटबाहेर एक मावशी काकड्या विकायला बसतात. ही टॉवरची जागा म्हणजे पूर्वीची त्यांच्या सासरची भातशेती. त्यांनाच म्हटलं, "मावशी, वर चला ना, दूध घ्यायला."

आत सोडायला ॲपवर नोंद लागते. मी टाकलं, 'पाहुणे'. टाकल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. यार, पाहुणी तर मी ना?

मावशी खिडकीतून खाली बघत राहिल्या. "आमचं खळं कुठे आलं असेल गं? भाताच्या झोडणीला सगळं गाव जमायचं तिथे."

खाली नुसतं पार्किंग.

"घरात कोण कोण तुझ्या?"

"मीच."

मावशी दूध प्यायल्या, निघताना म्हणाल्या, "दिवेलागणीला दार उघडं ठेव. माणसं येतात."

ठेवलंय. दिवा लावून बसलेय. लिफ्टचा आवाज येतो, पण आमच्या मजल्यावर थांबत नाही.

मुलुंड-भांडुपकडे कोणी आहे का रे? दूध अजून आहे.