माझ्या नावाचा पुकारा

"आपलंच नाव ना हे? वाचता येतं ना आपल्याला?"

कोथरूडमधल्या एका सोसायटीचं गेट. सकाळची शाळेची बस उभी. ड्रायव्हरकाका हॉर्नवर हात ठेवून बसलेले. आणि ईशानच्या बाबांनी माझ्या नाकासमोर मोबाईल धरलेला.

मी शाळेच्या बसमधली मावशी. पोरांना चढवायचं, उतरवायचं, कुणाला उलटी झाली तर पुसायचं, कुणी झोपलं तर मांडीवर घ्यायचं. ईशानचा हात माझ्या हातात होता. बाबांनी आधी तो सोडवला. एकेक बोट करून. मग मोबाईल दाखवला.

नाव माझंच होतं. वडिलांचं नाव नाही, वय नाही, पत्ता नाही. नुसतं नाव आणि आडनाव. खाली केसचा नंबर, पुढची तारीख आणि वॉरंट हा शब्द.

"कोर्टाच्या वेबसाइटवर आहे हे. मी मनाचं सांगत नाहीये," ते म्हणाले. "आपल्यावर वॉरंट निघालंय आणि आपण लहान मुलांना हात लावताय. कमाल आहे."

आवाज चढला नाही. पुण्यात अपमान करायला आवाज चढवावा लागत नाही. 'आपण' म्हणत म्हणत माणसाची साल काढता येते.

मी म्हटलं, "साहेब, ती मी नाही."

"सगळे असंच म्हणतात."

बाजूला मुलांच्या आया उभ्या होत्या. "मावशी, आज याने दूध घेतलं नाही, जरा बघाल?" असं रोज सांगणाऱ्या. एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही. नंतर कळलं, आदल्या दिवशीच पालकांच्या ग्रुपवर वेबसाइटच्या त्या पानाचा फोटो फिरला होता. मी गुन्हेगार आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

बस निघाली. मागच्या सीटवरून एका मुलीने विचारलं, "मावशी, तुम्हाला पोलीस पकडणार?"

मी म्हटलं, "नीट बस. पडशील." दुसरं काय सांगणार होते?

माझं नाव मी इथे लिहीत नाही. लाजेने नाही. हे नाव आणि हे आडनाव असलेल्या बायका पुण्यात इतक्या आहेत, की आमच्या बसमध्ये मावायच्या नाहीत. माझे वडील पुस्तकं बांधायचे, आजोबाही तेच करायचे. दोघं याच शहरात जन्मले, याच शहराच्या मातीत गेले. मला त्यांनी हौसेने मराठी शाळेत घातलं. तरी कुणी नाव विचारलं आणि मी सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. एखाद्या कुलकर्ण्यांच्या नावावर वॉरंट दिसलं तर लोक म्हणतात, दुसरे कुणी कुलकर्णी असतील. आमच्या नावावर दिसलं की शोध तिथेच संपतो.

शाळेत सुपरवायझर मॅडमनी बसायला सांगितलं. चहा मागवला. चहा आला तेव्हाच मी समजले.

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," मॅडम म्हणाल्या. "पण पालकांचं प्रेशर आहे. ती बाई तुम्ही नाही असं कोर्टातून लिहून आणा. तोवर घरी थांबा."

कामाला लागतानाच मी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला दिला होता. तो त्यांच्याच कपाटात होता. मी आठवण करून दिली.

"तो जुना झाला ना आता."

"आणि कोर्टाने लिहून नाही दिलं तर?"

"मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, ते पोटासाठी काम करणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी बारावीला. घर माझ्या त्या एका पगारावर चालत होतं.

घरी मुलीचा मोबाईल घेतला आणि स्वतःच शोधलं. जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं, नाव टाकायचं, वर्ष टाकायचं, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची. बटण दाबलं तर ओळीच ओळी आल्या. सगळीकडे माझं नाव. एकीचं जागेचं भांडण. एकीने नवऱ्याकडे पोटगी मागितलेली. एकीचा चेक परत आलेला. आणि एकीवर वॉरंट. ईशानच्या बाबांनाही ही सगळी यादी दिसली असणार. पोटगी मागणारी मी त्यांना नको होती. त्यांना वॉरंटवालीच मी हवी होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी एका क्लार्कने माझं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "बाई, केस कुणावर आहे ते आम्ही लिहून देतो. कुणावर नाही, ते नाही देत. पुण्यातल्या किती लोकांवर केस नाहीये! सगळ्यांना दाखले देत बसलो तर कामं कधी करायची?"

राग आला, पण माणूस खरं बोलत होता.

"तारखेला या," तो म्हणाला. "ती आली तर बघून घ्या कोण आहे ती."

मॅडमना फोन केला. त्यांना एकदम हुरूप आला. "अहो, सोपं आहे मग! त्या बाईचा फोटो काढा, आधार कार्डासकट. मी लगेच ग्रुपवर टाकते. एका मिनिटात मिटेल."

मलाही ते पटलं. खरं सांगते, तारखेपर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होते. केलं हिने आणि भरतेय मी. कधी एकदा ती दिसते आणि तिचा फोटो काढते, असं झालं होतं.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले. पट्टेवाला दारात यायचा, नाव पुकारायचा, आत जायचा. कितीतरी नावं झाली. मग त्याने माझं नाव पुकारलं. पूर्ण, खणखणीत आवाजात. व्हरांडाभर.

मी उभी राहिले. विचार करून नाही. शाळेत हजेरीला उभं राहायचो, तशी.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बाई उभी राहिली होती.

पट्टेवाला वैतागला. "दोघी कशाला? एकीलाच बोलावलंय. कोण ते ठरवा लवकर."

"मी," ती म्हणाली.

ती आत गेली. मी दारातून ऐकत राहिले. स्वारगेटजवळ फुटपाथवर क्लिपा, रबरबँड, पिना विकायची. रस्ता अडवला म्हणून केस. सुरुवातीच्या तारखांना आली होती. मग ती राहायची ती वस्ती उठली, ती दुसरीकडे गेली. समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिलं. तारखा चुकल्या म्हणून वॉरंट. त्याचं कळलं तशी ती आज स्वतःहून आली होती. जज्जसाहेबांनी ऐकलं, पुढच्या तारखेला न चुकता यायला बजावलं आणि वॉरंट रद्द केलं. दुसऱ्या नावाचा पुकारा झालासुद्धा.

एवढंच होतं ते. यासाठी माझ्या हातातून पोरगं काढून घेतलं होतं.

मी तिला जिन्यात गाठलं. माझं नाव सांगितलं. ती हसली. मग माझी सगळी हकीकत ऐकली, तसा चेहरा उतरला. "मेरे नाम से तुम्हारा काम गया? या अल्ला."

मी म्हटलं, एक फोटो पाहिजे. आधार कार्ड हातात धरून.

तिने का म्हणून विचारलं नाही. ओढणी डोक्यावर सारखी केली. पदराने तोंड पुसावं तसं ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. पिशवीतून कार्ड काढून भिंतीला टेकून उभी राहिली. कार्ड हनुवटीखाली धरलं, दोन्ही हातांनी. चौकीत पाटी धरायला लावतात तसं. "ऐसेच पकडना ना?" म्हणाली. तिला माहीत होतं. कुणीतरी तिला तसं उभं केलं होतं आधी.

मी मोबाईल वर केला. ती स्क्रीनमध्ये आली. नीट, मधोमध.

"किसको दिखाना है, आपा?"

या प्रश्नाने माझा हात थांबला. कुणाला दाखवायचा होता? त्या ग्रुपला. त्या गेटला. हीच ती, असं म्हणून. मग तो फोटो इकडून तिकडे फिरणार. ती जिथे बसते तिथून यांच्या गाड्या जातात. कुणीतरी काच खाली करून बघणार. मी सुटणार होते, पण हिला पुढे ढकलून.

आणि मला माझीच शिसारी आली. इतके दिवस मी ज्याला त्याला सांगत होते, ती मी नाही, ती मी नाही. म्हणजे ती असणं घाण आहे, हे मीही कबूल केलं होतं. ती क्लिपा विकत होती. बस.

मी मोबाईल खाली घेतला. "नको. कुणाला नाही दाखवायचा."

"फिर काम?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि जिना उतरले.

शाळेत गेले तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये ईशानचे बाबाही होते. पालकांतर्फे.

"आणलं का प्रूफ?" त्यांनीच विचारलं.

"भेटले तिला. फोटो काढला नाही."

"म्हणजे प्रूफ नाही."

"देणार नाही," मी म्हटलं. "ती कोर्टात आली, कोर्टाने तिचं वॉरंट रद्द केलं. कोर्टाचं समाधान झालं. तुमचं व्हायचं राहिलंय. आणि ती मीच असते, तरी पोरांसमोर मला गेटवर उभं करायचा हक्क तुम्हाला नव्हता. माफी मागायची असेल तर त्याच ग्रुपवर मागा."

ते हसले. "आपण उगाच इमोशनल होताय."

"तुमचं नाव टाकून कुणी बघितलंय का, साहेब?"

"माझा काय संबंध?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही निघा आता." चहा विचारला नाही. काम गेलं.

त्यानंतर वारज्यात एका पाळणाघरात विचारायला गेले. तिथल्या बाई गोड बोलणाऱ्या. सगळं जमत आलं. मग म्हणाल्या, "रागावू नका हं, पण हल्ली ऑनलाइन चेक करावं लागतं."

"करा," मी म्हटलं. "माझ्यासमोर करा. नाव टाका. जितक्या निघतील त्यांतली मी कोणती, ते मला विचारा, मागून ग्रुपवर ठरवू नका. आणि झालं की मोबाईल इकडे द्या. मग तुमचं नाव मी टाकते. पोरं माझ्या हातात असणार, तशी तुमच्याही असणार."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कळवते," म्हणाल्या.

अजून कळवलेलं नाही. घरात तंगी आहे, मला भीती वाटते. पण उद्या आणखी एका दारात जायचंय, आणि तिथेही मी हेच सांगणार आहे.