निरोगी माणसाचं रक्त

नवऱ्याला नाही, आईला नाही — हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. आता लपवायचाही कंटाळा आला आहे, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

मी जर्मनीत हायडेलबर्गला संशोधन करते. काही घराण्यांत रक्तवाहिन्यांची भिंत जन्मतःच कच्ची असते — धुऊन धुऊन सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी. माणूस वरून धडधाकट, आणि एक दिवस हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीच फाटते. हा दोष पिढीजात उतरतो. त्यावर आमचं काम. रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि आमच्या लॅबमध्ये ते आम्ही एकमेकांचंच काढायचो. "चला, आज तुझा हात," म्हणत सहकारी सुई घेऊन यायची. नळीवर नाव नसायचं, नुसता आकडा. माझा आकडा मला ठाऊक होता.

एका दुपारी दोष माझ्याच रक्तात निघाला.

बाबा चाळिशीत बसल्या जागी गेले होते. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. खरं काय ते मला त्या दुपारी कळलं. आणि हेही, की धाकट्या बहिणीला, वैजूला, हाच दोष असण्याची शक्यता निम्मी. सांगलीला घरी एक फोन करायचा होता. का नाही केला? माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या आजाराची कुणकुण लागली की स्थळ हातचं जातं — आणि हे स्थळ मला हवं होतं. इतकंच. तिच्या भल्याचा विचार वगैरे काही नव्हता.

मी मात्र इथं गुपचूप तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. नवऱ्याला सांगितलं, बीपीच्या आहेत. स्वतःचा जीव बरोबर सांभाळला, बघा.

मग वैजूचं लग्न झालं. तेव्हाही मी गप्प. दिवस राहिल्याचं तिनं आईच्याही आधी मला सांगितलं, फोनवर नुसती हसत होती. या दोषात बाळंतपण किती धोक्याचं, हे घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, "काळजी घे गं." कसली — ते नाही सांगितलं.

बाळंतपणातच तिची ती रक्तवाहिनी फाटली. मुलगी वाचली. वैजू गेली.

तेरावं झाल्यावर, जणू आत्ताच शंका आली असं दाखवून, मी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. पोरीत दोष निघाला, तिच्यावर वेळेत उपचार सुरू झाले. माझाही दोष तेव्हाच 'उघड' झाला. नवरा माझा हात धरून रडला. मी रडू दिलं.

आई आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "थोरली एवढी शिकली, म्हणून नात तरी हाती लागली." परवा व्हिडिओ कॉलवर शेजारच्या काकूंनाही तेच. "अगं, सांग ना त्यांना, तुला कसं कळलं ते," आई म्हणाली.

आणि मी सांगितलं — वैजू गेल्यावर मला शंका कशी आली, ते.