बेडक्याची डबी

माझ्या लग्नाच्या बोलणीत पत्रिकेचा विषय निघालाच नाही, बेडक्याचा निघाला.

तेव्हा मी देवबागच्या शाळेत मास्तर होतो. वर्गातल्या पोरांनी मला काही दिलं असेल तर तो खोकला. आईने अडुळशाचा काढा पाजला, दृष्ट काढली, छातीला कसलंसं तेल चोळलं. खोकला मात्र हलेना. अशात तोंडवलीची मंडळी मुलगी घेऊन आली. मुलगी आरोग्य केंद्रात नर्स होती (हे आईला भारी वाटलं होतं, पुढचं कोणाला ठाऊक!).

"चेडवा, तुका काय इचारूचा आसात तर इचार," आई कौतुकाने म्हणाली.

मुलीने मान वर केली आणि थेट ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "खोकला किती दिवस आहे?"

"दोन दिस झाले," आई घाईने म्हणाली.

"तीन आठवडे," मी खोकत म्हणालो.

"बेडका कसल्या रंगाचा?"

आईच्या हातातली पोह्यांची बशी जागच्या जागी थांबली. मुलीने पर्समधून डबी काढली, तिच्यावर माझं नाव लिहिलं. "उद्या उठल्याबरोबर चूळ भरून खोल खोका. लाळ नको. रिपोर्ट आला की पुढचं बोलू."

डबी क्षयाच्या तपासणीची, एवढं मलाही कळत होतं. क्षय निघाला तर ही गेलीच, आणि तालुक्यात दुसरीही मिळायची नाही. मुलगी तर मनात भरली होती. मग मला आमचे मामा आठवले. बोटीवर वीस वर्षं काढलेला गडी, पन्नाशीतही झपाट्याने माडावर चढणारा. सकाळी खोकायचे, पण तो बिडीचा खोकला. तो आमच्याकडे आजारात धरत नसत.

"मामा, ह्या डबयेत थूक."

"लगीन तुझा आणि थुकूचा मी?" असं म्हणत मामांनी डबी मात्र उदार हाताने भरली.

चार दिवसांनी मी इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात गेलो. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, क्षय आहे. घाबरू नका. नेमाने गोळ्या घेतल्या की बरा होतो."

ती बाजूलाच उभी होती. हळूच म्हणाली, "बरे व्हा. मी थांबेन."

इतकं गोड मला आजवर कोणी बोललं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर बायको मिळाली असती. पण मामा औषधावाचून राहिले असते.

"तो माझा नव्हे," मी म्हणालो.

"काय?"

"बेडका. मामांचा आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. नवी डबी घेऊन मला मागच्या अंगणात नेलं आणि समोर उभी राहिली. "खोका. आणखी खालून." कोणत्याही मुलीने माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

माझ्यात क्षयाचं काही निघालं नाही. श्वासनळीला सूज होती, ती पाच दिवसांच्या गोळ्या आणि वाफाऱ्याने ओसरली. मामांना मात्र सहा महिने औषध चाललं. "माका? बिडयेचो खोकलो तो!" म्हणून ते भांडले, पण तिने बिडी सोडवली आणि दर आठवड्याला घरी येऊन गोळ्या मोजल्या. मामा ठणठणीत झाले. आमच्या लग्नात तर तेच सगळ्यांत गुटगुटीत दिसत होते.

"तो लबाड आसा, पण आपणहून कबूल केल्यान," असं तिने वडिलांना सांगितलं म्हणे, आणि त्यावर होकार आला.

संसार सुखाचा झाला. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. फक्त अजूनही माझी कसली तपासणी असली की ती सोबत येते, आणि बाटली भरेपर्यंत दारातून हलत नाही.