कमरेच्या किल्ल्या

आमचं रान कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटाला. लग्न होऊन आले तेव्हापासून पाण्याची पाळी म्हटलं की माझं डोकं फिरायचं, कारण वरची रानं भिजेपर्यंत पाणी संपायचं आणि आमच्या वाट्याला नुसता चिखल यायचा. गेल्या हिवाळ्यात पाणी वापर संस्थेनं नियमच बदलला. आधी शेवटचं रान, मग एकेक वरचं. चारीतून रानात पाणी घ्यायच्या सगळ्या दारांना कुलपं घातली आणि पाळी संपेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं दिला.

शाळू पोटरीत आला होता, कणसं बाहेर पडायच्या बेतात. ही पाळी चुकली असती तर ना घरात वर्षाची ज्वारी, ना दावणीला कडबा. सकाळी पाणी सुटलं. दुपार झाली तरी आमच्याकडं चारी कोरडी ठणठणीत. मग काय, चढला माझा पारा! सगळ्यात वरचा ऊस माझ्या चुलत दिराचा. त्यानंच पाणी वळवलं असणार. आडवाटेनं तरातरा गेले आणि बांधावरूनच तोंड सोडलं.

"आवं भावजी, लाज वाटत न्हाई व्हय? आमच्या वाटणीचं पाणी उसाला पाजताय!"

तो खोरं घेऊन चारीतलं गवत काढत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, किल्ल्या तुमच्याच कमरंला हायत न्हवं? मी काय दातानं उघडू?"

मी खाली पाहिलं. अगं बाई! जुडगा लोंबतच होता. अशी ओशाळले की हसूच फुटलं. त्याचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत उसाची पानं सुकून सुरळी झालेली, आणि दारासमोरून सगळं पाणी खाली चाललेलं.

"चारी लय वाळलीया, आदी तीच पितीया. चला, पुढचं गवात काढू."

आम्ही दोघं पाण्याच्या पुढं चालत राहिलो. तो खोऱ्यानं कचरा ओढायचा, मी हातानं. दिवस कलताना पाणी आमच्या पहिल्या वाफ्यात शिरलं आणि मला रडूच आलं. सुटले बाई एकदाची!

थोड्या वेळानं मी त्याच्या दाराची किल्ली सोडवून पुढं केली. त्याचा ऊस बघवला नव्हता.

त्यानं हात मागं घेतला. "मधली रानं ऱ्हायल्यात अजून. माझा नंबर शेवटचा हाय, वयनी."

इतकी वर्षं हे मी म्हणत आले होते.

चौथ्या दिवशी त्याची पाळी आली, आणि पाणी पुरलं. कुलूप काढायला मी त्याच्याही आधी जाऊन उभी होते.