शालिनीमावशींचा रेजी

शालिनीमावशींनी पहिल्याच भेटीत माझ्या बरगडीत ठोसा मारला. मी अमेरिकेत रेडमंडला नवीन आलो होतो. त्यांची मुलगी मेधा माझ्याच ऑफिसातली, म्हणून तिच्याकडे जेवायला गेलो होतो. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मावशी, इथं दिवसभर वेळ कसा जातो?"

"बॉक्सिंग बघते."

मला थट्टा वाटली. मी हसलो. त्यांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं, जवळ आल्या आणि डाव्या हातानं, अगदी बेतानं, एक ठोसा ठेवून दिला. मी खुर्चीला धरलं. "हसताना पोट सैल सोडतोस," त्या म्हणाल्या. "बस आता जेवायला."

मावशी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. उंची जेमतेम पाच फूट, अंगात कायम निळा स्वेटर. मिरजेला नर्सिंग शिकून त्या लग्नानंतर इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या एका गिरण्यांच्या गावात त्यांनी सव्वीस वर्षं अपघात विभागात काम केलं. बॉक्सर रेजी क्रॉफ्ट त्याच गावचा. त्याचा डावा हात असा चालायचा, की आपण आडवे कशानं झालो हे समोरच्याला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागे. यजमान गेल्यावर मावशी मेधाकडे आल्या, त्या रेजीच्या लढतींच्या कॅसेट घेऊनच. नात रिया कुरकुरायची, "आजी, दॅट्स सो व्हायलंट!" त्यावर मावशी शांतपणे म्हणायच्या, "तुझ्या आईची मीटिंग कधी ऐकली आहेस का?" मग आतल्या खोलीत मीटिंगला बसलेली मेधा दार धाडकन लावून घ्यायची.

दर शनिवारी सकाळी लायब्ररीजवळच्या कॉफीशॉपमध्ये बॉक्सिंगच्या चार-पाच म्हाताऱ्या शौकिनांचा अड्डा जमे. मावशी त्यातल्या एकट्या बाई. त्यांना तिथं सोडायचं काम माझ्याकडे आलं आणि हळूहळू मीही बसू लागलो. त्यांचा कट्टर वैरी वॉल्टर, निवृत्त बसड्रायव्हर. त्याचा देव अर्ल टॅगार्ट, रेजीचा अमेरिकन प्रतिस्पर्धी. टॅगार्टचे पाय विजेसारखे चालायचे. पण रेजीनं त्याला सातव्या फेरीत पाडलं होतं आणि त्या एका ठोशावर मावशी आणि वॉल्टर वर्षानुवर्षं भांडत होते.

"नशिबानं लागला तो!" वॉल्टर टेबलावर हात आपटायचा.

"सहा फेऱ्या तुमचा माणूस नुसता पळत होता," मावशी ठणकावायच्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बॉक्सर कसला, प्रभातफेरी होती ती!" मी हसलो की वॉल्टर संशयानं विचारायचा, "व्हॉट डिड शी से?" मावशी गोड हसून सांगायच्या, "कॉफी छान आहे म्हणाले."

एकदा परत येताना गाडीत त्यांनी मला एक गुपित सांगितलं. रेजी एका रात्री फुटलेली भुवई घेऊन त्यांच्या वॉर्डात आला होता. मावशींनी टाके घालायला सुई हातात घेतली आणि तीसेक जणांना आडवं करणारा तो पहिलवान सुई बघूनच बेशुद्ध पडला. "पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते," मावशी म्हणाल्या. "पण तू बाहेरचा नाहीस, तू ड्राइव्ह करतोस. वॉल्टरला कळलं तर मेले मी."

मग एका शनिवारी वॉल्टर कोट घालून आला. त्यानं कुठूनतरी पत्ता काढून खुद्द टॅगार्टलाच बोलावलं होतं. मावशींनी आदल्या दिवशी मला प्रश्नांची यादी वाचून दाखवली होती. पहिलाच प्रश्न होता, "पळून पळून दम लागत नव्हता का?"

टॅगार्ट मुलीचा हात धरून आला. अजूनही ताठ, पण कप उचलताना कॉफी बशीत सांडत होती. बोलताना शब्द चिकटत होते. वॉल्टरला त्यानं दहा मिनिटांत दोनदा नाव विचारलं. मावशी त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. यादी पर्समधून बाहेर आलीच नाही.

कुणीतरी त्या सातव्या फेरीचा विषय काढला. टॅगार्ट म्हणाला, "मी घाबरलो होतो. पहिल्या घंटेपासून. तो कशालाच घाबरत नव्हता. इतकी वर्षं मला त्याचीच लाज वाटते."

वॉल्टर कपात बघू लागला. मावशींनी खुर्ची ओढून टॅगार्टजवळ घेतली. "मिस्टर टॅगार्ट," त्या म्हणाल्या, "तुमचा तो शूर माणूस माझी सुई बघून बेशुद्ध पडला होता. मी आणि दोन वॉर्डबॉय, तिघांनी उचलला त्याला. शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून बसला. आणि तुम्ही घाबरलेले असूनही सहा फेऱ्या त्याच्यासमोर उभे राहिलात."

टॅगार्टच्या पोटातून हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी आलं. "सुई?" तो मुलीला पुन्हापुन्हा विचारत होता, "सुईला घाबरला?"

गाडीत मावशी खिडकीबाहेरचा पाऊस बघत होत्या. "रेजीला विकला मी आज," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "रागावला नसता तो. बावळट होता, पण मनानं चांगला."

त्यानंतर टॅगार्टला कुणी पळपुटा म्हटलेलं मावशींना खपेना. सुईची गोष्ट कळल्यावर वॉल्टर चेकाळेल अशी मला खात्री होती, पण घडलं उलटंच. मावशी टॅगार्टची बाजू घेतात म्हटल्यावर भांडायला कुणी उरेना, म्हणून तो चडफडत रेजीचे गोडवे गाऊ लागला. महिन्याभरात तो ओरडत होता, "तो डावा हात पुन्हा जन्माला येणार नाही!" आणि मावशी म्हणत होत्या, "नशिबानं लागला हो!"

गेल्या हिवाळ्यात साध्या न्यूमोनियाचं निमित्त होऊन मावशी गेल्या. पुढच्या शनिवारी आम्ही जमलो. वॉल्टरनं घसा खाकरून जाहीर केलं, की रेजी क्रॉफ्टइतका जबर ठोसा जगात कुणाचाच नव्हता. मग तो थांबला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. कुणीच त्याचं म्हणणं खोडून काढलं नाही. अर्ध्या तासात आम्ही सगळे घरी गेलो.