नदीपलीकडून आलेली हाक

सुनीताचा फोन आला तेव्हा शाळेतली प्रार्थना नुकतीच संपली होती. "अक्का, निघा तुम्ही," एवढंच ती म्हणाली. सुनीता माझी भावजय. भाऊ कसा आहे, असं मी विचारलं नाही. तिच्या आवाजातच ते कळलं होतं. धुळ्याहून जळगावला जाताना एरंडोलच्या अलीकडे आमची गाडी केळीच्या ट्रकमागे अडकली आणि मी ड्रायव्हरला "जरा पटकन घ्या ना हो" म्हणून दोनदा विनवलं. पटकन जाऊन आता काय करणार होते मी... पण तोंडातून तेच निघत होतं. जळगावात मेहरूण तलावाजवळच्या त्याच्या घरासमोर चपलांचा ढीग दिसला. सोबत आलेल्या माझ्या मुलाने हाताला धरून उतरवलं.

निरंजन, माझा धाकटा भाऊ. घरात निरू. काही आठवड्यांपूर्वी एक ऐतिहासिक साहसपट गावोगाव लागला. तापीकाठचा एक नावाडी वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात पुराच्या पाण्यातून दारूगोळा पोहोचवतो, त्याची ती गोष्ट. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचं पार्श्वसंगीत निरूने लिहिलं. व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंत प्रत्येक वाद्याने कधी काय वाजवायचं, तो सूर न् सूर त्याचा. आणि तो चित्रपट थिएटरात लागला तेव्हा निरू नव्हता.

आमचं लहानपण धुळ्यातलं. आमचे वडील, आबा, प्राथमिक शिक्षक. सिनेमा म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली चैन. एकदा त्यांनी आम्हाला जहाजं आणि तलवारींचा एक परदेशी सिनेमा दाखवायला नेलं. परत येताना मी नायकाबद्दल बोलत होते आणि निरू गप्प. घरी आल्यावर त्याने पिठाचा डबा पालथा घातला आणि त्यावर बोटं आपटत, तोंडाने कसले कसले आवाज काढत अख्खी लढाई वाजवून दाखवली. मला म्हणाला, "अक्का, तलवार बाहेर निघायच्या आधीच वाजंत्र्यांना कळलेलं असतं. तू ऐकलंस का?" मी काहीच ऐकलं नव्हतं. आबांना मात्र ते लक्षात राहिलं असावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी त्याला व्हायोलिनच्या शिकवणीला घातलं. शेजारीपाजारी हसले. निरूच्या त्या सुरुवातीच्या व्हायोलिनला हसू नये असं काही नव्हतंच म्हणा. आम्ही दारं लावून घ्यायचो.

मग मुंबई. तिथे तो पाश्चात्त्य स्वरलेखन शिकला आणि बरीच वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाद्यवृंदासाठी बांधून देत राहिला. पडद्यावर नाव कधी आलं नाही. मला राग यायचा, त्याला येत नसे. "अक्का, मला रोज चाळीस माणसं वाजवताना ऐकायला मिळतात. अजून काय पाहिजे?" सुनीताला जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तो मुकाट्याने तिच्यामागे परत आला, तलावाजवळ घर घेतलं आणि आईला धुळ्याहून आपल्याकडे नेलं. आता हे सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात शिरपूरचा हेमंत त्याला शोधत आला. वयाने तिशीतला, पहिलाच मोठा चित्रपट करणारा दिग्दर्शक. तो म्हणाला, "भाऊ, नदी मी दाखवीन. पण पूर तुम्ही आणायचा."

त्या वर्षी मी निरूला जितकं खूश पाहिलं तितकं कधीच नाही. मी गेले की मला समोर बसवून पियानोवर ऐकवायचा. हा पूर, ही घोड्यांची धाव, हा दारूगोळा भिजतोय की काय अशी धाकधूक. एका जागी नावाड्याची म्हातारी आई काठावर उभी राहून लेकाला हाक मारते. पडद्यावर तिचे फक्त ओठ हलतात, आवाज पुरात बुडालेला. तिथे त्याने फ्रेंच हॉर्न नावाच्या वाद्याला दोनच सूर दिले होते. एक वर, एक लांबत खाली येणारा. त्याने पियानोवर ते दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अरे, ही तर माय!" संध्याकाळी आई आम्हाला गल्लीच्या टोकाशी उभी राहून अशीच बोलवायची. नि... रूऽऽऽ दोघं हसलो आणि त्याने ते दोन सूर पुन्हा दाबले.

संगीत अर्धं झालं होतं तेव्हा त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ. डॉक्टर आमच्याशी हळू बोलत होते, त्यावरूनच आम्ही ओळखलं. निर्मात्यांनी हेमंतला सुचवलं की उरलेलं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, नाहीतर कॉम्प्युटरवर वाजवून टाका. त्यांचंही चुकलं नाही, माणसाचा भरवसा नव्हता. हेमंत ते सांगायला आला आणि निरूसमोर बसून रडायलाच लागला. निरू त्याला म्हणाला, "रडू नको भो. मला फक्त पावसाळ्यापर्यंत वेळ दे. आणि खरी माणसं दे वाजवायला." हेमंतने दोन्ही दिलं. त्यासाठी तो कुणाशी किती भांडला, ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही.

ध्वनिमुद्रणाला मी मुंबईला गेले होते, त्याच्या पथ्याचा डबा घेऊन. उभं राहवत नव्हतं म्हणून त्याला उंच स्टुलावर बसवलं होतं. अंगात सदरा नुसता लोंबत होता. पण हात वर गेला आणि समोरची सगळी माणसं एकदम श्वास घेतल्यासारखी ताठ झाली... काचेपलीकडून मी माझ्या भावाकडे पाहत होते आणि मला तो ओळखू येत नव्हता. पुराचा शेवटचा तुकडा संपला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. व्हायोलिनवाले आपले गज समोरच्या स्टँडवर हलके हलके आपटू लागले. मला वाटलं काहीतरी बिघडलं. नंतर तो म्हणाला, "अक्का, ती टाळीच असते त्यांची." आणि डब्यातली मुगाची खिचडी त्याने त्या दिवशी सगळी खाल्ली.

चित्रपट लागायची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली आणि निरूला दम निघत नव्हता. शेवटी हेमंत एका दुपारी शिरपूरहून सिनेमा दाखवायचं यंत्र, स्पीकर सगळं गाडीत घालून आला. बैठकीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, खिडक्यांना सतरंज्या लावल्या. निरूला उशांना टेकवून बसवलं. शेजारी आई. तिला आता कमी ऐकू येतं, सिनेमाचं तर तिला काहीच सोयरसुतक नाही; ती आपली लेकाचा हात धरून बसली होती. लढाया झाल्या, घोडे धावले, ती मध्येच डुलकीही घेत होती. मग नदीकाठी ती म्हातारी आली आणि हॉर्नचे ते दोन सूर वाजले. आई दचकून सावरून बसली. इकडेतिकडे पाहत तिच्या अहिराणीत म्हणाली, "कोन हाका मारी ऱ्हायनं रे?"

"तूच शेस, माय," निरू म्हणाला.

"मी? मना आवाज इतला मोठा कधय व्हता?"

"माले तर इतलाच आयकू ये."

हेमंत उठून बाहेर गेला. चित्रपट चालूच होता. आईने निरूच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढचं काही तिने पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहत राहिली. त्यानंतर तो जेमतेम महिनाभर होता.

धुळ्यात चित्रपट लागला तेव्हा सुनीता माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी गेलो. शेवटी नावं सुरू झाली तशी माणसं उठली, मोबाइल उजळले, पोरंबाळं दाराकडे पळाली. आम्ही बसून राहिलो. निरूचं नाव आलं, एकट्याचं, पूर्ण पडदाभर. सुनीताने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. नाव गेलं... आणि आम्हाला घरी जाणं भाग होतं.

परवा मी जळगावला जाऊन आले. उन्हाळा असा की दुपारी खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो. सुनीता निरूच्या खोलीत पेपर तपासत बसली होती, घामाने पाठ भिजलेली, पंखा बंद. मी आपली सहज बटणाकडे हात नेला. "अक्का, राहू द्या," ती म्हणाली. मग मला आठवलं. लिहिताना तो पंखा लावू देत नसे. पंख्याच्या घरघरीत डोक्यातली वाद्यं ऐकू येत नाहीत म्हणायचा. मे महिन्यातही उघड्या अंगाने, मानेवर ओला पंचा टाकून बसायचा, आणि आत गेली की सुनीता तेवढ्यापुरती त्याच्यावर चिडायची.

मी हात मागे घेतला आणि तिच्याशेजारी बसले. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. आम्ही दोघी पदराने घाम पुसत तिथेच बसून राहिलो, बराच वेळ.