डाव्या पंखाखालची कानस

परदेशी तिकिटाचं पाकीट बिंदुमाधवानं उभ्याउभ्याच फोडलं, वाचलं, आणि तांदूळ निवडत बसलेल्या बायकोशेजारी थेट जमिनीवरच बसकण मारली.

“अहल्या, माझी चित्रं बघून तिकडचे तज्ज्ञ नवाच आहे म्हणतात! बहुतेक नवीच जात. नमुना पाठवा म्हणून लिहिलंय.”

नमुना म्हणजे तीन वर्षांपूर्वी अंगणातल्या अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, वेलावर सापडलेला, पानासारखा हिरवा, लांब मिशांचा नाकतोडा. एकच, आणि नर. कॉलेजात मुलांना बेडूक टाचून देण्यात बिंदुमाधवाची चौदा वर्षं गेली होती. मागून आलेला कृष्णमूर्ती प्रोफेसर झाला आणि “काय राव, नाकतोडे ठीक आहेत ना?” म्हणून चारचौघांत विचारू लागला. बिंदुमाधव हसे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी. नाकतोड्याच्या डाव्या पंखाखाली एक बारीक कानस असते, ती दुसऱ्या पंखावर घासून नर आवाज काढतो. तिचे चौऱ्याण्णव दात त्यानं सात वेळा मोजले होते. एवढी कानस असून प्राणी मुका कसा, हे मात्र त्याला सुटलं नव्हतं.

“रविवारी पेटी उघडतो, कापसात नीट बसवतो,” म्हणत तो कॉलेजला गेला.

अहल्याचा हात सुपातच राहिला. आषाढात सासूबाईंच्या सोवळ्याच्या रेशमी लुगड्याला कसर लागली होती. बाहेर पाऊस, दुकानात डांबरगोळ्या संपलेल्या. तेव्हा तिनं नवऱ्याच्या नमुन्याच्या पेटीतल्या चार गोळ्या काढून लुगड्याच्या घड्यांत घातल्या होत्या. चार दिवसांसाठी. आता दसरा तोंडावर आला होता.

तिनं पेटी उघडली. टाचणीवर दोन पंख आणि एक मागची तंगडी होती. खाली तपकिरी भुगा, आणि भुग्यात केसाळ अळ्या वळवळत होत्या.

त्या दिवशी तिनं अंगण दोनदा झाडलं, सारात मीठ दोनदा घातलं. सांगावं तर माणूस मोडेल. न सांगावं तर रविवारी तोच पेटी उघडेल. सासूबाई कृष्णाबाई सोप्यावरून सगळं बघत होत्या.

“काय गं, अंगात आलंय का?”

तिनं सांगितलं.

“किडाच ना तो? किड्याला किड्यानं खाल्लं. माझं लुगडं वाचलं हे बघ.”

“तुमचं लुगडं दुकानात मिळतं, आत्याबाई.”

तोंडातून गेलं ते गेलं. कृष्णाबाईंनी जपाची माळ ओढली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

बिंदुमाधव आला तसं अहल्यानं चहाच्या आधीच सांगून टाकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं भिंग घेऊन पंख पाहिले, भुगा कागदावर ओतला, बोटानं चाळला.

“कानस आहे. पण शेपटीकडचा भाग गेला. जातीजातीतला फरक तिथं कळतो. दुसरा नर हवा. तीन वर्षं शोधतोय, एक दिसला नाही.”

मग तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. दाराशी, खिडकीशी, पुन्हा दाराशी. अहल्याला ते पाहवेना. ती दिवा लावायला म्हणून उठली, आणि बाहेर रोजच्यासारखी किरकिर सुरू झाली. त्सी-त्सी-त्सी, मग सुई काचेवरून ओढल्यासारखी एक लांब रेघ.

“हा मेला रोज याच वेळेला कान किटवतो,” ती पुटपुटली.

“कोण?”

“हा काय, वेलावरचा. ऐका की.”

बिंदुमाधव मान वाकडी करून उभा राहिला. “काही नाही.”

“आत्ता ओरडतोय, अहो!”

“अगं, काही नाही!”

तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या कानांना कुकरची शिट्टी झालेली कळत नाही, दुधाच्या भांड्यावरचं झाकण थरथरतं ते कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

“मुका नाही तो,” बिंदुमाधव हळूच म्हणाला. “मीच...” त्यानं कंदील उचलला. “कुठं आहे? दाखव.”

ती धुतल्या लुगड्यानिशी चिखलात उतरली. दोन पावलं टाकली की आवाज बंद. मग श्वास धरून उभं राहायचं. पुन्हा सुरू झाला की एक पाऊल. तो कंदील घेऊन मागं, तिच्या मानेच्या हालचालीकडे बघत.

“डावीकडे?”

“शू. वर.”

“अहल्या, दिवा!” आतून कृष्णाबाई. “दिवेलागणीला कुठं चिखल तुडवतेस?”

आवाज थांबला. अहल्या हलली नाही. खांद्यावर डास बसला, तोही तिनं बसू दिला. बऱ्याच वेळानं अगदी तिच्या कपाळासमोर ती रेघ पुन्हा ओढली गेली, आणि एका पानाचे पंख थरथरताना तिला दिसले.

तिनं झडप घालून मूठ मिटली. आतून कचकन चावा बसला.

“सोडू नकोस!”

“सोडतेय कुठली! बाटली आणा. चावतोय मेला.”

बाटलीचं बूच बसल्यावर बिंदुमाधवानं कंदील वर धरला. “नर आहे,” तो म्हणाला, आणि बाटली फिरवून फिरवून पाहू लागला.

अहल्या बोटाचं रक्त चोखत आत गेली. सासूबाईंची ट्रंक उघडली, लुगड्याच्या घड्या उलगडल्या आणि विरून वाटाण्याएवढ्या उरलेल्या चारही गोळ्या काढून घेतल्या.

“अगं, माझ्या लुगड्याचं काय?”

“उद्या उन्हात घालते,” अहल्या म्हणाली, आणि मग तिनं दिवा लावला.